रारोटोंगाचा बेत वारांवरून आखा

पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावर जायचं ठरवताय ना, मग हॉटेल शोधण्याआधी कॅलेंडर घ्या आणि तुमच्या सुट्टीतला शनिवार-रविवार कुठे पडतो ते बघा. शनिवारी सकाळचा बाजार आणि रविवारी सकाळचं चर्च हे दोन्ही सापडतील अशा बेतानं तिकिटं काढा. ते हुकले तर सुंदर समुद्र बघून याल, पण बेटावरची माणसं भेटायची राहून जातील. आमच्या सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकते.

आम्ही ऑकलंडला राहतो. आई-बाबा मालवणहून आले होते आणि इथल्या हिवाळ्यानं आईचे गुडघे धरले होते. चार तासांपेक्षा कमी विमानप्रवासात ऊब, नारळ आणि समुद्र मिळेल अशी जागा म्हणजे कुक बेटं. टोंगा-सामोआ आणि ताहिती यांच्या मधल्या समुद्रात विखुरलेली ही १५ बेटं. सगळी मिळून जमीन भरते जेमतेम २४० चौरस किलोमीटर. त्यांतलं सर्वांत मोठं आणि राजधानीचं बेट रारोटोंगा. ४ ऑगस्ट १९६५ पासून इथे स्वतःचं सरकार आहे, मात्र न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचं नातं राखलेलं. माणसं न्यूझीलंडची नागरिक आहेत आणि चलनही न्यूझीलंडचाच डॉलर.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचं नीट समजून घ्यायला हवं. चलन एक असलं तरी कुक बेटांचं इमिग्रेशन वेगळं आहे. रारोटोंगाला जाणं म्हणजे न्यूझीलंडमधून बाहेर पडणं. त्यामुळे आई-बाबांसारख्या पाहुण्यांच्या व्हिसावर 'मल्टिपल एंट्री' आहे ना, हे तिकीट काढण्याआधी तपासायचं. थेट भारतातून निघून ऑकलंडमार्गे जाणाऱ्यांनाही न्यूझीलंडचा ट्रान्झिट किंवा व्हिजिटर व्हिसा लागतो. बेटावर उतरताना परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत ठिकाणी एकदा खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट विमा. बेटावर इस्पितळ आहे, पण गंभीर पेशंटला न्यूझीलंडला हलवावं लागतं आणि तो खर्च अफाट असतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर असं हलवण्याचा खर्च देणारा विमाच घ्यावा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या लागणार होत्या त्यापेक्षा जास्त घेतल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. डेंग्यूची साथ अधूनमधून येते, म्हणून डासांचं मलम सगळ्यांच्या पिशवीत.

हंगाम साधारण मे ते ऑक्टोबरचा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस, दमट हवा आणि वादळांची भीती. २००५ साली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागोपाठ पाच चक्रीवादळं या बेटांच्या आसपास आली होती. आम्ही ऑगस्टचा शेवट निवडला, कारण जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक देवमासे अंटार्क्टिककडून इथे येतात.

कुठे राहायचं हे वाऱ्यावरून ठरवावं. या महिन्यांत वारा आग्नेयेकडून वाहतो. मुरीचं प्रसिद्ध खाजण (प्रवाळाच्या कड्याआड अडलेलं समुद्राचं उथळ, शांत पाणी) पूर्वेला, म्हणजे ते वाऱ्याच्या तोंडावर. पश्चिमेला आरोरांगीकडे निवारा जास्त आणि सूर्यास्तही तिथेच दिसतो. आम्ही दक्षिणेचं तितिकावेका गाव निवडलं. तिथे घराला स्वयंपाकघर होतं आणि चर्च चालत जाण्याच्या अंतरावर. आई शाकाहारी, त्यामुळे स्वयंपाकघर हवंच होतं. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला बंद पाकिटांतून नेलं आणि उतरल्यावर फॉर्मवर सगळं लिहून दिलं. दोन्ही देशांत खाण्याच्या वस्तू लपवल्या तर दंड होतो, जाहीर केल्या तर सहसा अडचण येत नाही.

आणि आयतुताकी. रारोटोंगाहून उत्तरेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेलं हे बेट बहुतेक लोक एका दिवसात जाऊन-येऊन बघतात. अंतराच्या मानानं विमान महाग आहे, आणि एवढे पैसे घालून संध्याकाळी परत फिरायचं हे माझ्या मनाला पटत नव्हतं. तिथे एक रात्र काढायचीच ठरवली.

गुरुवार, दुसऱ्यांदा

ऑकलंडहून शुक्रवारी सकाळी उडालो आणि रारोटोंगाला उतरलो तेव्हा गुरुवारची दुपार होती. वाटेत तारखेची रेषा ओलांडली जाते. कुक बेटांचं घड्याळ हिवाळ्यात न्यूझीलंडच्या २२ तास मागे आणि भारताच्या साडेपंधरा तास मागे असतं. बाबांनी वहीत दोन गुरुवार लिहिले आणि हॉटेलच्या तारखा पुन्हा एकदा पडताळल्या. तुम्हीही पडताळा, पोचण्याची तारीख निघण्याच्या तारखेच्या आधीची असते, आणि बुकिंग त्या आधीच्या तारखेचं हवं. या घोळाला इतिहास आहे. इथे आलेले मिशनरी सिडनीकडून आपली तारीख घेऊन आले होते. ती १८९९ मध्ये रेषेच्या या बाजूला जुळवून घेतली, तेव्हा बेटावर नाताळचा दिवस दोनदा आला.

विमानतळावर युकुलेले वाजत होतं आणि गळ्यात फुलांचा 'एइ' पडला. तितिकावेकाला पोचल्यावर आईनं चपला काढल्या आणि थेट पाण्यात पाय घातले. बाकी त्या दिवशी काही केलं नाही.

शुक्रवार

बेटाभोवती किनाऱ्यानं एक रस्ता फिरतो, आरा तापू, ३२ किलोमीटरचा. त्यावर बसच्या दोन दिशा: एकीवर 'क्लॉकवाइज' लिहिलेलं, दुसरीवर 'अँटीक्लॉकवाइज'. हात दाखवला की थांबते. पूर्ण फेरीला तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. बाबांनी आधी एका दिशेनं फेरी मारली, आवारुआत, म्हणजे राजधानीच्या गावात, उतरून चहा घेतला आणि मग दुसऱ्या दिशेनं. मी बरोबर होते. पहिल्याच दिवशी असं फिरून घेणं फार उपयोगाचं, कारण पुढे बेटाचा नकाशा डोक्यात पक्का राहतो.

खिडकीतून दोन गोष्टी सतत दिसत होत्या. नारळाच्या झाडापेक्षा उंच इमारत कुठेही नाही. आणि घराघरापुढे, अंगणातच, थडगी. पांढरी रंगवलेली, फुलं वाहिलेली, काहींवर छप्पर घातलेलं. बाबांची नोकरी महसूल खात्यात झाली. त्यांनी शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं की ही जमीन विकली गेली तर थडग्यांचं काय होतं. ते म्हणाले, विकली जातच नाही.

त्यांनी पुढे समजावलं ते बाबा त्या रात्री जेवताना पुन्हा पुन्हा बोलत होते. कुक बेटांत वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही. भाडेपट्ट्यानं देता येते, तीही जास्तीत जास्त ६० वर्षांसाठी. मोठमोठी रिसॉर्टही अशा पट्ट्याच्याच जमिनीवर उभी आहेत. हक्क आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही, सगळ्या मुलांना सारखा. म्हणून पिढ्यांमागून पिढ्या एकेका तुकड्यावर नावं वाढत जातात. त्यातली कित्येक माणसं ऑकलंडला नाहीतर ऑस्ट्रेलियात. घर बांधायचं तर नातेवाइकांची बैठक घेऊन कोणाला तिथे राहायचा हक्क द्यायचा ते ठरवायचं आणि भूमी न्यायालयात नोंदवायचं. सातबाऱ्यावरच्या नावांची रांग बाबांनी आयुष्यभर पाहिली होती. पण वाटण्या आणि विक्री न होऊ देता ती रांग सांभाळणारा देश त्यांनी प्रथमच पाहिला. मलाही तेव्हा उमगलं की हे बेट अजून तिथल्या लोकांच्याच हातात का आहे.

शनिवार

पुनांगा नुई बाजार आवारुआच्या बंदराजवळ भरतो. आठच्या आत पोचा. दुपारी सगळं आवरलेलं असतं.

आईनं पहिल्याच भाजीवालीपुढे बसकण मारली. अळू! हिरव्यागार पानांच्या जुड्या, आणि बाजूला त्याच झाडाचे मोठमोठे कंद, ज्याला सगळा पॅसिफिक तारो म्हणतो. पलीकडे रताळी, टॅपिओकाचे कंद, कच्ची केळी, पपया, आणि नीरफणस. आमच्या परसात आजीनं लावलेला नीरफणस होता; इथे त्याला कुरु म्हणतात. आईला इंग्रजी बेताचंच येतं. भाजीवाल्या बाईंनाही फार घाई नव्हती. बेटावर ज्येष्ठ बायकांना मानानं 'मामा' म्हणतात. त्या मामांनी पानांचा देठ कुठून मोडायचा ते हातानं दाखवलं, आईनं आपली पद्धत दाखवली.

"खाज नाही का येत? चिंच घालता का तुम्ही?" आईनं मला विचारायला सांगितलं.

चिंच नाही घालत. पानं खूप वेळ शिजवतात, अगदी लगदा होईपर्यंत, मग कांदा आणि नारळाचं घट्ट दूध. त्याला रुकाऊ म्हणतात. कमी शिजलं तर घसा धरतो हे दोघींनाही ठाऊक होतं, त्यावर दोघीही गळ्याला हात लावून हसल्या. बाजारात तयार रुकाऊ मिळतं, पण शाकाहारी माणसानं विचारून घ्यावं, कारण त्यात पुष्कळदा डब्यातलं मांस घालतात. मामांनी आईसाठी बिनमांसाचा डबा शोधून दिला. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "फदफदं आहे गं, फक्त आंबटगोड नाही." मग पपईचं पोके खाल्लं: पपई शिजवून, पिठात मळून, भाजून, वर नारळाचं दूध. गोडाधोडात आईनं त्याला पहिला नंबर दिला. मी आणि नवऱ्यानं इका माता घेतलं: कच्चा ट्यूना लिंबाच्या रसात मुरवून त्यात नारळाचं दूध. मासे खाणाऱ्या कोकणी माणसानं ते चुकवू नये.

निघताना मामांनी विचारलं, "उद्या कुठल्या चर्चला?" मी म्हटलं, तितिकावेका. "टोपी घाला," त्या आईला म्हणाल्या, आणि शेजारच्या स्टॉलवरून एक रितो टोपी आईच्या डोक्यावर ठेवून बघितली. नारळाच्या कोवळ्या पात्यांपासून, उकळून आणि उन्हात पांढऱ्या करून विणलेल्या या टोप्या. उत्तरेकडच्या बेटांवरच्या बायका त्या विणण्यात तरबेज. विणीचं काम इतकं बारीक की किंमत ऐकून आश्चर्य वाटू नये. आई नको नको म्हणत होती. बाबांनी पैसे काढून दिले.

रविवार

या दिवशी बेट थांबतं. दुकानं बहुतेक बंद, बस तुरळक, समुद्रावर होड्या जवळजवळ नाहीत. पाहुण्यांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो आणि ते पोहायला जातात. तसं करू नका. दहाच्या प्रार्थनेला जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, फोन पिशवीत ठेवा, आणि गाणं चालू असताना उठून फोटो काढू नका.

तितिकावेकाचं चर्च १८४१ मधलं. समुद्रातल्या प्रवाळाचे चिरे कापून त्याच्या जाड भिंती रचल्या आहेत, आत लाकडी सज्जा आणि उघड्या खिडक्यांतून वारा. आई हिरव्या काठाच्या पांढऱ्या साडीत आणि रितो टोपीत. दारातल्या बायकांनी तिला हात धरून आत नेलं आणि आपल्यामध्ये बसवलं.

प्रवचन बरंचसं त्यांच्या माओरी भाषेत होतं. मग कोणत्याही वाद्याशिवाय एका बाईंनी उंच सुरात ओळ उचलली आणि पुढच्या क्षणी सगळं चर्च उभं झालं. याला इमेने तुकी म्हणतात. बायकांचे आवाज वर चढतात, पुरुष खालून छातीतून 'हूं हूं' असे ठोके देतात, एक ओळ संपायच्या आत दुसऱ्या बाजूनं दुसरी येऊन आदळते, आणि शेवटचा सूर सगळे मिळून खाली घसरत नेतात. बाकं हलत होती. माझ्या अंगावर काटा आला. बाबा देवळातल्या भजनाला टाळ घेऊन बसणारे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

हे गाणं मिशनऱ्यांनी आणलेलं नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स १८२३ मध्ये इथे आला, आणि त्याच्याबरोबर आलेला पापेइहा हा ताहितीकडच्या बेटांवरचा माणूस एकटा किनाऱ्यावर उतरून राहिला. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत जुने देव जाळले गेले, नाच बंद पाडले गेले, रविवारचे कडक कायदे आले. शब्द बायबलचे झाले, पण आवाज लावायची रीत लोकांनी सोडली नाही. जे देवळांच्या चौथऱ्यांवर वाचलं नाही ते चर्चच्या बाकांवर वाचलं. आज नाचही परत आलेत आणि ढोलही, तरी त्या सकाळी ऐकलेल्या आवाजाची सर हॉटेलातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला येत नाही.

प्रार्थनेनंतर पाहुण्यांना शेजारच्या हॉलमध्ये चहाला बोलावलं. केळी, पपई, नारळाचे पाव, आग्रह. आईला तीन बायकांनी साडी कशी नेसतात ते विचारलं आणि एकीला तिनं पदर घेऊन दाखवला. पेटीत काहीतरी घाला, रिकाम्या हातानं चहा पिऊन येऊ नका.

रविवारी आयतुताकीलाही जाऊ नये असं माझं मत आहे. २००८ मध्ये तिथे रविवारची विमानं सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी विमानतळावर उभं राहून निषेध केला होता. विमानं चालू राहिली. आपण मात्र दुसरा वार निवडू शकतो.

सोमवार

नवरा आणि मी बेट आडवं ओलांडायला गेलो. आवातिऊच्या दरीतून चढून ते रुआ मांगा या ४१३ मीटरच्या सुळक्याच्या पायथ्याशी आणि तिथून दक्षिणेला धबधब्यापर्यंत, तीन-चार तास. चढ झाडांच्या मुळांना धरून करायचा, उतारावर नेच्यांनी भरलेला कडा, मग ओढा पुन्हा पुन्हा ओलांडायचा. पाऊस झाला असेल तर जाऊ नका आणि वाटाड्या घ्याच. ऑगस्टमध्ये धबधब्याला पाणी बेताचंच, डास मात्र भरपूर.

आई-बाबा त्या दिवशी मुरीला काचेच्या तळाच्या बोटीत बसले. पोहताना एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रवाळाच्या कड्याला आवाआवारोआसारख्या ठिकाणी खिंडी आहेत, त्यातून खाजणाचं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. तिथे माणसं बुडाली आहेत. पाटी असेल तिथे पाण्यात उतरूच नये. किनाऱ्याच्या काही भागांत 'राउई' असतो, म्हणजे मासे धरायला, शिंपले उचलायला परंपरेनं घातलेली बंदी. ही जुनी रीत १९९८ मध्ये गावच्या मानकऱ्यांनी रारोटोंगावर पुन्हा सुरू केली. त्या पाण्यात मासे किती निर्धास्त फिरतात ते मुखवटा लावला की लगेच दिसतं.

मंगळवार आणि बुधवार, आयतुताकी

पाऊण तासाचं विमान. खाली उतरू लागलं की त्रिकोणी खाजण दिसतं, त्याच्या कडेनं छोटी छोटी बेटं, आणि निळ्याच्या इतक्या छटा की बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं बांधली.

मंगळवारी दिवसभर बोटीतून खाजण फिरलो. आकाईआमी बेटावर थांबलो, तिथे १९५१ ते १९६० या काळात पाण्यावर उतरणारी सोलेंट विमानं यायची. ऑकलंडहून ताहितीला जाताना फिजी-सामोआनंतरचा हा टप्पा. विमानात इंधन भरेपर्यंत प्रवासी इथल्या पाण्यात पोहायचे. जुन्या धक्क्याचे अवशेष आहेत. पुढे तापुआएताई बेट. तिथली दंतकथा अशी: शत्रूपासून पळणारा बाप आणि मूल या वाळूत उतरले. मूल बापाच्या पावलांवर पाऊल ठेवत चाललं, म्हणून मागे एकाच माणसाचा माग राहिला. बापानं मुलाला झाडाच्या शेंड्यावर लपवलं, स्वतः पकडला जाऊन मारला गेला, आणि मूल वाचलं. बोटीवरच्या तरुण मुलानं ही गोष्ट सांगितली, आणि आई त्यानंतर बराच वेळ बोलली नाही. इथे पासपोर्टवर पावलाच्या आकाराचा शिक्का मारून देतात. आम्ही तो पासपोर्टवर न घेता वहीत घेतला. भारतीय पासपोर्टवर असले हौशी शिक्के नकोत.

संध्याकाळी दिवसाचे प्रवासी विमानानं परतले आणि गाव आमचं झालं. आयतुताकीवर कुत्री नाहीत, पाळायला मनाई आहे, त्यामुळे रात्री चालायला निर्धास्त वाटतं. बुधवारी सकाळी मौंगा पू ही सव्वाशे मीटरची टेकडी चढलो, बाबांनीही चढली. वरून सगळं खाजण दिसतं.

वर बसून नवऱ्यानं बाउंटी या इंग्रज जहाजाची गोष्ट काढली. त्याचा कप्तान विल्यम ब्लाय ताहितीहून नीरफणसाची हजारावर रोपं घेऊन कॅरिबियनकडे निघाला होता, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात खायला घालण्यासाठी. एप्रिल १७८९ मध्ये तो या बेटापाशी आला, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला टोंगाजवळ खलाशांनी बंड केलं. रोपं समुद्रात फेकली गेली. ब्लायनं पुढे दुसरी सफर करून रोपं पोचवलीच. आई म्हणाली, "आणि आम्ही त्याचे काप करतो, तेव्हा मनात काही येत नाही यातलं." उतरताना एका अंगणात नीरफणस दिसला, घरच्या बाईंनी एक काढून दिला, पैसे घेतले नाहीत. रारोटोंगाला परतल्यावर त्याच रात्री आईनं तांदळाच्या पिठात घोळवून काप केले आणि शेजारच्या घरात ताट पाठवलं.

गुरुवार

सकाळी ताकितुमुच्या रानात. तीन जमीनमालक कुळांनी १९९६ पासून आपली १५५ हेक्टरची जमीन काकेरोरी या पक्ष्यासाठी राखून ठेवली आहे. चिमणीएवढा पक्षी, लहानपणी केशरी, मोठेपणी करडा. १९८९ मध्ये जगात फक्त २९ उरले होते, सगळे याच बेटावर. जहाजांतून आलेले उंदीर अंडी-पिल्लं खायचे. विणीच्या हंगामात उंदरांना विष घालणं, घरट्यांच्या झाडांना पत्र्याचे पट्टे ठोकणं, असं वर्षानुवर्षं केल्यावर आता काहीशे पक्षी आहेत. वाटाड्यानं शीळ घातली आणि एक केशरी पिल्लू हातभर अंतरावर येऊन बसलं. बाबा माझ्या कानात म्हणाले, "जमीन विकता आली असती तर इथे बंगले असते." मला तसंच वाटतं.

दुपारी न्गातांगीइयाच्या आवाना बंदरावर गेलो. साधारण १३५० च्या सुमाराला इथून सात होड्या नैऋत्येकडे न्यूझीलंडला निघाल्या अशी परंपरा आहे: ताकितुमु, तोकोमारू, कुराहाउपो, आओतेआ, ताइनुई, ते आरावा, मातातुआ. दगडांच्या गोलात एकेकीची आठवण मांडली आहे. ऑकलंडला राहून ताइनुई, आरावा ही नावं मी बातम्यांत, शाळेच्या कार्यक्रमांत नेहमी ऐकते. ज्या खिंडीतून त्या बाहेर पडल्या म्हणतात ती समोर होती, जेमतेम एका होडीच्या रुंदीची वाटावी अशी. होकायंत्र नाही, तारे, लाटांची चाल, पक्ष्यांची दिशा, आणि होडीत तारो-रताळ्यांचं बियाणं. आम्ही विमानात पाय अवघडले म्हणून कुरकुरत आलेली माणसं. तिथे उभं राहून मला त्या दर्यावर्दींबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा आजवर एखाद्या किल्ल्यावरच वाटला असेल.

परतताना आरोरांगीच्या किनाऱ्यावर आईनं देवमासा दाखवला. कड्याबाहेर लगेच खोल समुद्र असल्यामुळे ते फार जवळ येतात. आधी फवारा, मग काळी पाठ, मग शेपूट. कुक बेटांनी २००१ मध्ये आपला सगळा समुद्र देवमाशांसाठी अभयारण्य जाहीर केला. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या, सगळे एकमेकांना बोटं दाखवत होते.

शुक्रवार, आणि लगेच शनिवार

न्यूझीलंडला परतताना ताजी फुलं विमानातच सोडायची, शंख-शिंपले आणि विणलेल्या वस्तू जाहीर करायच्या. आईची टोपी अधिकाऱ्यानं उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. शुक्रवारी दुपारी निघालो, शनिवारी संध्याकाळी ऑकलंडला.

बाबांच्या वहीत पुढचा बेत तयार आहे: आतिऊ. तिथे कॉफी पिकते, आणि गुहांत कोपेका नावाचे पाकोळीसारखे पक्षी अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. रारोटोंगाहून वाचवलेले तीस काकेरोरीही २००१ ते २००३ मध्ये तिथेच नेऊन सोडले, एका वादळात सगळे जाऊ नयेत म्हणून. आतिऊची विमानं आठवड्यातून मोजक्याच वारी असतात, तेव्हा आधी ते वार बघायचे, मग रविवार कुठल्या बेटावर येतो ते, आणि मग ऑकलंडचं तिकीट.